एमआरआय नॉर्मल, तरी फिट कशी? या चुका टाळा

"रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणजे फिट-बिट काही नव्हती," असं म्हणून गोळ्या बंद करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. अपस्मार (एपिलेप्सी, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार) आहे की नाही, हे नुसत्या एमआरआयवर ठरत नाही. ते ठरतं फिट कशी आली याच्या वर्णनावरून, सोबतीला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद. फिट सुरू होईल अशी एखादी जागा मेंदूत दिसते का, एवढंच एमआरआय बघतो. शाळकरी मूल बोलता बोलता काही सेकंद टक लावून हरवतं, त्या प्रकारच्या अपस्मारात चित्र बहुधा अगदी निरोगी असतं. गोळ्या मात्र अचानक थांबवल्या, तर लागोपाठ फिट्स येऊन जिवावर बेतू शकतं.

म्हणून फिट आली की माणसाला कुशीवर वळवा आणि घरातल्या एकाने मोबाइलवर व्हिडिओ काढा. (कांदा आणि चप्पल शोधायला धावणारे नेहमीच जास्त असतात.) झटके आधी कुठल्या हाताला आले, मान कुठे वळली, पोटातून काही वर चढल्यासारखं वाटलं का, हे डॉक्टरांना सांगा आणि तपासणीच्या चिठ्ठीवर लिहून घ्या. चिठ्ठीवर नुसतं 'फिट' असेल, तर रेडिओलॉजिस्टने नेमकं कुठे निरखून बघायचं?

दुसरी गफलत तपासणी निवडताना होते. पहिल्या फिटनंतर कॅज्युअल्टीत सीटी स्कॅन काढतात ते योग्यच, कारण रक्तस्राव त्यात झटकन कळतो. पण सीटीवर थांबू नका. आणि नेहमीचा 'एमआरआय ब्रेन'ही बऱ्याचदा अपुरा पडतो. त्यात साधारण ५ मिमी जाडीचे काप असतात. वांग्याच्या जाड फोडी केल्या की आतली अळी नजरेतून सुटते, तसंच हे. फिटसाठी २०१९ मध्ये इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या जागतिक संघटनेने 'हार्नेस' नावाची पद्धत सुचवली: १ मिमीचे सलग त्रिमितीय टी१ आणि फ्लेअर (हे एमआरआय चित्रांचे प्रकार), शिवाय हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे मेंदूतल्या आठवणींशी संबंधित भागाच्या, लांबीला काटकोनात घेतलेले टी२ प्रकारचे काप. हिप्पोकॅम्पस आक्रसलाय का, मेंदूच्या सालीची घडण एखाद्या ठिकाणी बिघडलीय का, हे अशाच चित्रांत सापडतं. अपॉइंटमेंट घेतानाच "एपिलेप्सी प्रोटोकॉल करता का?" असं विचारा.

काही दिसलं म्हणजे तेच कारण, असंही नाही. डाव्या हाताला झटके येतात आणि पाण्याची निरुपद्रवी सिस्टही डावीकडेच, तर तिला आरोपी ठरवून उपयोग नाही. डावा हात उजवा मेंदू चालवतो. लांबलेल्या फिटनंतर लगेच काढलेल्या स्कॅनमध्ये तात्पुरती सूजही डाग होऊन दिसते. ती काही आठवड्यांनी विरते, म्हणून गरज पडल्यास स्कॅन पुन्हा काढतात.

आपल्याकडे रिपोर्टमध्ये हमखास भेटणारी गोष्ट म्हणजे कडं असलेली छोटी गाठ. ती बहुधा फीतकृमीच्या अळीची असते किंवा क्षयाची, आणि दोन्हींचे उपचार वेगळे. "आम्ही शाकाहारी, आम्हाला कृमी कुठून?" हा प्रश्न ठरलेला. फीतकृमीची अंडी न धुतलेल्या पालेभाजीतून, दूषित पाण्यातून आणि अस्वच्छ हातांतून पोटात जातात. कडं दिसलं म्हणून स्वतःच जंताचं औषध सुरू करू नका. मेंदूत अळी मरताना सूज वाढू शकते.

स्कॅनच्या दिवशी उपाशी राहायचं म्हणून सकाळची गोळी चुकवणारे खूप. भूल देणार असतील, तर घोटभर पाण्यासोबत गोळी घेऊ का, हे आदल्या दिवशीच विचारून घ्या. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट किंवा मेंदूत शस्त्रक्रियेत बसवलेली जुनी क्लिप असेल, तर तेही तेव्हाच सांगा.

पेट स्कॅनची, म्हणजे मेंदूचा कुठला भाग किती साखर वापरतो हे दाखवणाऱ्या तपासणीची, घाई नको. योग्य निवडलेली दोन औषधं नीट घेऊनही फिट्स थांबल्या नाहीत आणि शस्त्रक्रियेचा विचार सुरू झाला, की त्याचा उपयोग. अशा वेळी तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेसारख्या केंद्रात जुना एमआरआय पुन्हा तपासतात, आणि 'नॉर्मल' ठरलेल्या चित्रात कधी कधी तेव्हाच डाग सापडतो. त्यासाठी मूळ सीडी लागते. लोक नेमका रिपोर्टचा कागद लॅमिनेट करून ठेवतात आणि सीडी रद्दीत देतात.