पुण्याच्या अंदाजपत्रकात गल्लीचं काम कसं घालावं

पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात. अर्ज साधारण पावसाळ्यात निघतात आणि मुदत थोडीच असते, म्हणून क्षेत्रीय कार्यालयात आधीच चौकशी करून ठेवा. एका कामाची मर्यादा ५ लाख रुपये. अख्खा रस्ता मागू नका. पदपथाचा तुटका भाग, बसथांब्यावरचा बाक, बंद पथदिवे असं मागा.

खरी गोम जागेच्या वर्णनात आहे. ‘आमच्या भागात पदपथ दुरुस्त करा’ हा अर्ज बाद झालाच म्हणून समजा. कुठल्या खांबापासून कुठल्या दुकानापर्यंत, लांबी-रुंदी किती मीटर, कुठे फरशा उखडल्यात, चेंबरचं झाकण किती खचलंय, हे टेपने मोजून लिहा आणि दोन फोटो जोडा. कनिष्ठ अभियंत्याला खर्चाचा अंदाज काढायला एवढंच लागतं. जमल्यास त्याला जागेवर घेऊन जा.

सोसायटीच्या हद्दीतलं काम होत नाही, जागा खासगी असते. महावितरणचा डीपी (वीजवाटपाची पेटी) हलवणंही यात बसत नाही. एकच काम दहाजणांनी दहा तऱ्हेने लिहिलं की गोंधळ होतो. मजकूर एक ठेवा.

अर्जाची पोच घ्या. अंदाजपत्रक छापून आलं की त्यात आपलं काम शोधा. सापडलं तरी निविदेचा पाठपुरावा सोडू नका, कारण ३१ मार्चपर्यंत न खर्चलेली तरतूद बुडते. दिवाळीनंतर महिन्यातून एक चक्कर माराच.