बटाट्याच्या पेशींसाठी समपरासारी द्रावण कसे शोधावे

प्रद्रव्यपटलातून, म्हणजे पेशीतल्या जीवद्रव्याभोवतीच्या पातळ पडद्यातून, पाणी सहज ये-जा करते (हेच परासरण), साखर मात्र जवळजवळ अडते. म्हणून साखरेच्या द्रावणात ठेवलेल्या बटाट्याचे वजन वाढले तर पाणी आत गेले, घटले तर बाहेर आले. ज्या तीव्रतेला वजन बदलत नाही, ते समपरासारी द्रावण. तिथेही पाणी हलत असतेच, पण जितके आत तितकेच बाहेर.

सगळी मदार द्रावणावर आहे. ३४.२ ग्रॅम साखर साधारण ६० मिली पाण्यात विरघळवा, मग पाणी घालत एकूण आकारमान १०० मिली करा. हे झाले १ मोलर द्रावण, म्हणजे लिटरमागे १ मोल (३४२ ग्रॅम) साखर. मोजलेल्या १०० मिली पाण्यातच साखर ओतली, तर द्रावण सुमारे १२० मिली भरते, तीव्रता ०.८३ मोलरच्या आसपास उतरते आणि पुढचा अख्खा आलेख सरकतो. ही चूक फार होते. या द्रावणाचे ५, १०, १५, २० आणि २५ मिली वेगवेगळे घेऊन प्रत्येकी ५० मिलीपर्यंत पाणी घाला, म्हणजे ०.१ ते ०.५ मोलर मिळतील. सहाव्या चंचुपात्रात नुसते पाणी.

एकाच बटाट्याचे ४ सेमी लांब, ५ मिमी जाड-रुंद असे १८ काप करा. साल अजिबात राहू देऊ नका, ती पाणी अडवते. तीन-तीन कापांचे गट टिपकागदाने टिपून ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन करा आणि द्रावणात बुडवून, झाकून दोन तास ठेवा. काढल्यावर पहिल्याइतकेच हलके टिपा. दाबून पुसले तर पेशीतले पाणीही निघते. ओले राहिले तर बाहेरचे पाणी वजनात येते. आकडे वेडेवाकडे आले, तर पहिला संशय या टिपण्यावर घ्यावा.

वजनातला बदल मूळ वजनाच्या टक्केवारीत काढून तीव्रतेसमोर मांडा. रेषा शून्याला बहुधा ०.२ ते ०.४ मोलरच्या दरम्यान छेदते. थंडीत साठवलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होते, त्यामुळे हा बिंदू जास्त तीव्रतेकडे सरकू शकतो. छेद ०.३ ला आला, तर २७ अंश सेल्सिअसला त्या द्रावणाचा परासरण दाब ०.३ × ०.०८३१ × ३०० (तीव्रता × वायू स्थिरांक × केल्विनमधले तापमान), म्हणजे सुमारे ७.५ बार.

नुसत्या पाण्यातला काप ताठ होतो, फुटत नाही, कारण पेशीभित्तिका आतून येणारा दाब पेलते. ०.५ मोलरमधला लिबलिबीत पडतो, तो रससंकोच, म्हणजे पाणी गमावून पेशीतले जीवद्रव्य आकसणे. एक काप उकडून घेऊन तोही ठेवून पाहा: पटल मोडल्याने साखर थेट आत शिरते आणि परासरणाचा हिशेब लागू पडत नाही.