फ्रीजची वॉरंटी संपली म्हणून खिशात हात घालू नका, आधी क्रेडिट कार्ड बघा

इथे न्यू जर्सीत आम्ही ४ जुलैच्या सेलमध्ये फ्रीज घेतला होता, वॉरंटी १ वर्षाची, आणि बरोबर १४व्या महिन्यात, गणपतीच्या आदल्या दिवशी, वरचा फ्रीजर मस्त थंड आणि खालचा कप्पा कोमट. उकडीच्या मोदकांसाठी खवलेला नारळ, दूध, दही सगळं शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवलं. कंपनीला फोन केला तर वॉरंटी संपली म्हणाले. टेक्निशियन म्हणाला पंख्याची मोटर गेलीय, पार्ट आणि लेबर धरून ४१२ डॉलर. मी कार्ड काढून पैसे देणारच होते, तेवढ्यात एका मैत्रिणीने अडवलं, म्हणाली थांब, फ्रीज कुठल्या कार्डावर घेतला होता ते आधी सांग. ते पैसे नंतर परत मिळाले. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या कितीतरी घरांत ही सोय पाकिटात असते आणि कोणाला पत्ताच नसतो, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

तर ही भानगड अशी आहे की काही क्रेडिट कार्डं कंपनीच्या वॉरंटीवर स्वतःची जास्तीची मुदत देतात, फुकट, वेगळी नोंदणी न करता. वस्तू त्या कार्डावर घेतलेली असली की झालं. चेस सफायर प्रिफर्डवर ३ वर्षं किंवा त्याहून कमी मुदतीच्या वॉरंटीला आणखी १ वर्ष मिळतं, एका क्लेमला १० हजार डॉलरपर्यंत. अ‍ॅमेक्स प्लॅटिनमवर वॉरंटी ५ वर्षांपर्यंतची असली तरी चालते, त्यावर १ वर्षापर्यंत वाढ. कॉस्टकोच्या सिटी कार्डावर तर २४ महिने. पण सगळ्या कार्डांवर हे नसतं, डिस्कव्हरने तर २०१८ मध्ये बंदच केलं, त्यामुळे ऐकीव माहितीवर जाऊ नका. बँकेच्या साइटवर लॉगिन करून आपल्या कार्डाचं 'गाईड टू बेनिफिट्स', म्हणजे कार्डाच्या सोयींची पुस्तिका, शोधा आणि त्यात एक्स्टेंडेड वॉरंटीचं पान वाचा, नाहीतर कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करून सरळ विचारा. १० मिनिटांचं काम आहे.

घेतानाच काळजी घेतली तर पुढे त्रास होत नाही. सेलमध्ये दुकानवाले स्वतःचं कार्ड गळ्यात मारतात, १८ महिने बिनव्याजी वगैरे, त्यावर घेतलं की तुमच्या चांगल्या कार्डाचं कव्हर गेलं. किचनचं काम काढलं असेल आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणाला की मीच आणतो सगळं, तर त्याला सांगा की ओव्हन आणि फ्रीजचे पैसे दुकानात मी भरते. कारण त्याच्या कार्डावर घेतलेल्या वस्तूवर तुम्हाला काहीच मिळणार नाही. वापरलेली वस्तू बहुतेक कार्डांत चालत नाही. इंडियन स्टोअरमधून ११० व्होल्टचा मिक्सर किंवा वेट ग्राइंडर घेताना अमेरिकेत चालणारी कंपनीची लेखी वॉरंटी आहे का ते विचारा, ती नसेल तर कार्ड वाढवणार काय? भारतातून बॅगेत आणलेल्या मिक्सरचंही तेच.

डिशवॉशरबद्दल वेगळं सांगते कारण इथे बरेच जण फसतात. कितीतरी कार्डांच्या नियमात असं लिहिलेलं असतं की घराचाच भाग होणाऱ्या वस्तू, म्हणजे भिंतीतल्या वायरिंगला किंवा पाइपला कायमच्या जोडलेल्या, त्या कव्हरमध्ये नाहीत, सीलिंग फॅन आणि गराज डोअर ओपनर तर नाव घेऊन वगळलेले असतात. प्लगवर चालणारा फ्रीज, वॉशर, मायक्रोवेव्ह याला सहसा अडचण येत नाही. डिशवॉशर आणि कुकटॉपचं मात्र घ्यायच्या आधी फोन करून विचारा, आणि कोणाशी कधी बोललात ते लिहून ठेवा.

वस्तू घरी आली की त्याच दिवशी ४ फोटो काढा, पावती, वॉरंटीचं पान, मॉडेल आणि सिरीयल नंबरचं स्टिकर, आणि कार्डाचं स्टेटमेंट आलं की त्यातली ती ओळ. दुकानाच्या पावतीची शाई वर्षभरात पुसट होते, माझी झाली होती, ईमेलवरची पावती होती म्हणून वाचले. सगळं एका फोल्डरमध्ये टाका आणि नवऱ्याला किंवा बायकोलाही शेअर करा.

आता बिघाड झाला की. पहिलं म्हणजे वॉरंटी खरंच संपलीय का ते बघा, कारण फ्रीजला पूर्ण वॉरंटी १ वर्षाची असली तरी कॉम्प्रेसरच्या पार्टला बऱ्याचदा ५ किंवा १० वर्षांची वेगळी असते, कॉम्प्रेसर गेला असेल तर आधी कंपनीकडेच जायचं. ते नसेल तर कार्डाच्या बेनिफिट नंबरवर फोन, आणि हे रिपेअर करायच्या आधी. कोणाकडून तपासून घ्यायचं, तपासणीची फी मिळेल का, एस्टिमेट कसं हवं, हे ते सांगतात आणि क्लेम नंबर देतात. आधी दुरुस्ती करून मग बिल पाठवलं आणि जुना पार्टही फेकून दिला की मग सिद्ध काय करणार? मुदत पण असते हं, माझ्या कार्डाच्या पुस्तिकेत बिघाडापासून ९० दिवसांत कळवायचं आणि १२० दिवसांत कागद द्यायचे असं होतं. तुमच्या कार्डाची कमी असू शकते, म्हणून बिघाड झाल्याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा.

सगळ्यात जास्त क्लेम कशावर अडतो तर टेक्निशियनच्या कागदावर. माझ्या पहिल्या कागदावर त्याने नुसतं 'कूलिंग नाही, मोटर बदला' एवढंच खरडलं होतं आणि कार्डवाल्यांनी तो कागद परत पाठवला. हे कव्हर कंपनीच्या वॉरंटीसारखंच चालतं, म्हणजे आतला यांत्रिक किंवा विजेचा दोष असेल तरच पैसे, पडून फुटलं, विजेचा झटका बसला, वापरून झिजलं, तर नाही. त्यामुळे कोणता पार्ट गेला, कशामुळे गेला, पार्टचे किती आणि लेबरचे किती, आणि मॉडेल नंबर, हे सगळं त्याच्याकडून खरं खरं, पूर्ण वाक्यात, लेटरहेडवर लिहून घ्या. माझा टेक्निशियन चांगला होता, फोन केल्यावर त्याने १ तासात नवीन कागद ईमेल केला.

बाकी मग फॉर्म, पावती, स्टेटमेंट, वॉरंटीची प्रत, एस्टिमेट, हे सगळं साइटवर अपलोड करायचं. २ आठवडे काही उत्तर नाही आलं तर फोन करा, नम्रपणे पण करा, माझ्याकडून त्यांनी वॉरंटीची प्रत दोनदा मागितली होती. आणि मंजूर होईपर्यंत ते कार्ड बंद करू नका. वस्तू दुरुस्त होण्यासारखी नसेल तर बदलीचे पैसे मिळतात, पण कार्डावर जेवढे दिले होते तेवढ्याच मर्यादेत.

एक हिशेब मात्र करा. दुकानात ५ वर्षांचा जास्तीचा प्लॅन विकायला येतात तेव्हा आपल्या कार्डावर १ वर्ष आधीच आहे हे लक्षात ठेवा, आणि त्या प्लॅनमध्ये ते वर्ष पुन्हा विकत घेतोय का ते विचारा. काही कार्डांत दुकानाचा प्लॅन घेतला की दोन्ही मिळून एकूण किती वर्षं चालेल यालाही मर्यादा असते. आम्ही या वर्षी वॉशर-ड्रायर घेतला तेव्हा प्लॅन घेतला नाही, फोटो मात्र ट्रकवाला दारातून जायच्या आधीच काढले.