गाळपेरीत जखमी पट्टकदंब सापडला, तर आधी खुराडं लावा

दिवाळीनंतर उजनीचं, पैठणच्या नाथसागराचं, नांदूरमध्यमेश्वरचं पाणी हळूहळू मागे सरकतं. उघड्या पडलेल्या गाळावर हरभरा, गहू पेरला जातो आणि त्याच सुमारास मंगोलिया-तिबेटकडून पट्टकदंबांचे थवे उतरू लागतात. राखाडी अंग, पांढऱ्या डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे, चोच आणि पाय पिवळसर नारिंगी. बरेच जण याला राजहंसच म्हणतात. दिवसा हे पक्षी पाण्यातल्या बेटांवर, वाळूच्या दांड्यांवर बसून राहतात आणि अंधार पडला की पिकात चरायला येतात. मार्चपर्यंत त्यांचा मुक्काम असतो. या चार-पाच महिन्यांत विजेच्या तारेला धडकलेला, तंगुसाच्या (मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याच्या) जाळ्यात गुंतलेला, कुत्र्यांनी धरलेला किंवा संक्रांतीच्या मांजानं पंख कापलेला एखादा पट्टकदंब बांधावर पडलेला दिसू शकतो.

त्याला मदत जरूर करा. पण उचलून थेट घरी, परसातल्या कोंबड्यांजवळ नेऊ नका. पाणपक्ष्यांच्या शरीरात बर्ड फ्लूचा विषाणू असू शकतो आणि तो त्यांच्या विष्ठेतून, लाळेतून बाहेर पडतो. २००५ साली चीनमधल्या चिंगहाई सरोवरावर आणि २०२०-२१च्या हिवाळ्यात हिमाचलच्या पौंग जलाशयावर हजारो पक्षी या रोगानं मेले. दोन्हीकडे पट्टकदंबांना मोठा फटका बसला. कोंबड्यांमधला देशातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नवापूरला झाला. प्रत्येक जखमी पक्षी रोगी असतो, असा याचा अर्थ नाही. तारेला धडकलेल्या पक्ष्याला बहुधा फक्त मारच लागलेला असतो. पण नुसतं बघून ते ओळखता येत नाही, म्हणून प्रत्येक वेळी काळजी सारखीच घ्यायची. हा रोग उलट दिशेनंही जातो. कोंबड्यांकडून रानपाखरांना लागण होते आणि दोष मात्र पाखरांवरच येतो.

हात लावण्याआधी

शंभर पावलांवर थांबा आणि अर्धा तास नुसतं बघा. हंसांची पिसं एकदम झडून ते उडेनासे होतात, पण ते उन्हाळ्यात, त्यांच्या विणीच्या मुलखात. आपल्याकडे हिवाळ्यात माणूस किंवा कुत्रा जवळ आला तरी जो पट्टकदंब उडत नाही, त्याला खरंच काहीतरी झालेलं असतं. एक पंख जमिनीला लोंबतोय का, रक्त दिसतंय का, पायात किंवा चोचीत तंगूस आहे का, हे लांबूनच पाहून घ्या.

जखम कुठंच दिसत नाही, पण पक्षी मान वाकडी करतोय, गोल गोल फिरतोय, थरथरतोय, तोल जाऊन कलंडतोय, तर त्याला अजिबात हात लावू नका. एकाच भागात दोन-तीन पक्षी मेलेले किंवा मलूल पडलेले दिसले तरीही तेच. हा बर्ड फ्लू असेल किंवा कीटकनाशकाची विषबाधा असेल, तपासणीशिवाय कळत नाही. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर आणि पशुसंवर्धनच्या १९६२ वर कळवा, आणि माणसं-कुत्री तिथं जाणार नाहीत एवढं पाहा. नुसती हिरवट विष्ठा दिसली म्हणून मात्र घाबरू नका. उपाशी पक्ष्याची विष्ठाही हिरवी होते.

जखम स्पष्ट दिसत असली तरी पहिला फोन १९२६ लाच करा. वन विभागाचे लोक किंवा त्यांच्याबरोबर काम करणारे पक्षिमित्र तासा-दोन तासांत येणार असतील, तर पक्ष्याला पकडूच नका. लांब राखण करा, कुत्री हाकला. माणसानं पकडलं की पक्ष्याला जबर धसका बसतो आणि जखमेपेक्षा त्या धसक्यानंच तो जाऊ शकतो.

पकडायची वेळ आलीच तर

अंधार पडत आलाय, माणूस उद्या येणार आहे आणि शेतात कोल्ही-कुत्री आहेत, अशा वेळी पकडावं लागतं. त्याआधी घरी सांगून सगळ्या कोंबड्या खुराड्यात किंवा डालग्याखाली घ्यायला लावा. हे काम पक्षी पकडण्याआधीच झालं पाहिजे, कारण नंतर हात आणि चपला बरबटलेल्या असतात आणि घाईत विसर पडतो. ज्यानं पट्टकदंबाला हात लावला, त्यानं त्या दिवशी कोंबड्यांकडे जायचं नाही. दाणापाणी घरातल्या दुसऱ्या कुणी तरी करावं. या सल्ल्यातली एकच गोष्ट पाळायची म्हटली, तर ही पाळा.

रबरी हातमोजे, नाका-तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा आणि धुता येतील अशा चपला किंवा गमबूट घाला. दोघं जण हवेत. एक जुनी चादर पक्ष्याच्या पूर्ण अंगावर, डोक्यासकट टाका. अंधार झाला की तो बराच शांत होतो. मग दोन्ही पंख अंगाशी मिटवून, चादरीसकट उचलून काखेत धरा आणि डोकं तुमच्या पाठीकडे ठेवा. चोचीपेक्षा पंखाच्या सांध्याचा मार जास्त लागतो. त्या ठिकाणी टणक हाड असतं आणि अडीच-तीन किलोचा पक्षी ते जोरात मारतो. नुसती मान, एक पंख किंवा पाय धरून कधीही उचलू नका. छातीही आवळू नका. पक्ष्यांना आपल्यासारखा छाती-पोटामधला पडदा (श्वासपटल) नसतो, छातीचं हाड पुढं-मागं हलवूनच ते श्वास घेतात. छाती दाबून धरली की पक्षी हातातच गुदमरतो, आणि धरणाऱ्याला वाटतं की तो शांत झाला.

ठेवायला पुठ्ठ्याचं मोठं खोकं घ्या, साधारण दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच. बाजूंना बोटाएवढी दहा-बारा भोकं पाडा. तळाला जुना टॉवेल किंवा धुतलेलं गोणपाट दुमडून घाला. कडबा, पेंढा नको. त्यात बुरशी असते आणि पाणपक्ष्यांच्या फुप्फुसाला ती फार लवकर धरते. कडक फरशीवर बसवलं की पायाच्या तळव्यांना आणि छातीच्या हाडाला फोड येतात, म्हणून अंथरूण मऊच हवं.

हे खोकं कोंबड्यांपासून निदान पन्नास-साठ पावलं लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, बंद खोलीत ठेवा. शेतातली मोटारीची खोली चालेल. गोठा नको, कारण गोठ्यात कोंबड्या टिपायला येतातच. थंडीच्या रात्री खोकं गोणपाटानं झाका, पण भोकं उघडी राहू द्या. चुलीजवळ नेऊ नका. चोच उघडी ठेवून धापा टाकत असेल, तर त्याला गरम होतंय.

द्यायचं काय आणि द्यायचं नाही ते काय

चोच उघडून पाणी पाजू नका. चांगली माणसं इथंच सर्वात जास्त चुकतात. पक्ष्याच्या जिभेच्या बुडाशी एक फट उघडझाप करताना दिसते, तीच श्वासनलिकेचं तोंड. तिच्यावर आपल्यासारखं झाकण नसतं. वरून पाणी ओतलं की ते सरळ फुप्फुसात उतरतं. रात्रभर थांबायचं असेल, तर जड, उथळ परातीत चार बोटं पाणी आणि शेजारी मूठभर भिजवलेले गहू किंवा चिरलेला लसूणघास ठेवा. खाल्लं नाही तर नाही. दूध, पाव, भात काही नको.

रक्त वाहत असेल, तर स्वच्छ सुती कापड पाच मिनिटं घट्ट दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. हळद, तेल, मलम काही लावू नका. पिसांना तेल लागलं की त्यांत पाणी शिरतं, आणि पक्षी बरा होऊनही पाण्यात बसू शकत नाही. मोडलेल्या पंखाला काड्या बांधू नका, पक्षी खोक्यात आपोआप पंख मिटून बसतो. मांजा किंवा तंगूस बाहेरून गुंडाळलेला असेल, तर कात्रीनं तुकडे करून सोडवा. मांसात रुतलेला भाग ओढू नका. चोचीतून तंगूस बाहेर लोंबत असेल, तर आत गळ असू शकतो. तो दोरा कापूही नका, ओढूही नका. डॉक्टरांना गळ शोधायला त्याच दोऱ्याचा उपयोग होतो. घरातली दुखण्याची गोळी किंवा जनावरांचं इंजेक्शन नको. गुरांच्या डायक्लोफेनॅकनं आपली गिधाडं कशी संपली, ते आठवा.

घरात पाळीव बदकं असतील, तर 'जातभाई आहे' म्हणून पट्टकदंबाला त्यांच्यात सोडू नका. बदकाच्या अंगात विषाणू असूनही ते वरून ठणठणीत दिसू शकतं, आणि कोंबड्या मात्र मरू लागतात.

धुणं आणि निर्जंतुकीकरण

विषाणू बहुतेक वेळा चपलेच्या तळाला लागलेल्या चिखलातून खुराड्यात पोचतो. म्हणून पक्षी ठेवून आलात की तिथंच चपला ब्रशनं आणि साबणाच्या पाण्यानं घासा, तळाच्या नक्षीतला गाळ पूर्ण निघू द्या. चिखल असताना वरून औषध टाकलं तर ते चिखलातच खर्ची पडतं. घासून झाल्यावर धुण्याच्या सोड्याची कोरडी पूड लिटरला ४० ग्रॅम घालून केलेल्या पाण्यात चपला दहा मिनिटं बुडवा. सोडा नसेल, तर ग्रामपंचायतीकडच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचं लिटरला ३० ग्रॅम असं द्रावण त्याच दिवशी करून वापरा. ते संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये मिसळू नका, विषारी वायू निघतो. अंगावरचे कपडे साबणाच्या गरम पाण्यात भिजवा, आंघोळ करा. खोकं आणि अंथरूण नंतर जाळून टाका.

कोंबड्यांना जलाशयाचं किंवा पाटाचं पाणी बंद करा. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल घालून, अर्ध्या तासानंतर द्या. मात्र पिण्याच्या पाण्यातून मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस द्यायची असेल, त्या दिवशी टीसीएल घालू नका, लसच निकामी होते. दाणा उघड्यावर न टाकता जाळीच्या आत द्या, सांडलेला दाणा रानपाखरांना बोलावतो.

पुढचे २१ दिवस कोंबड्यांवर लक्ष ठेवा. तुरा आणि गलोल (चोचीखालची लोंबती कातडी) निळसर पडणं, डोकं सुजणं, अंडी एकदम कमी होणं किंवा पातळ कवचाची येणं, एका-दोन दिवसांत बऱ्याच कोंबड्या मरणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. 'मानमोडी आली' म्हणून उरलेल्या कोंबड्या बाजारात विकल्या किंवा कापून वाटल्या, की रोग गावभर जातो. दोन्ही रोग वरून सारखेच दिसतात, आणि मानमोडीची लस बर्ड फ्लूला चालत नाही. पक्षी हाताळणाऱ्याला दहा दिवसांत ताप, खोकला आला किंवा डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना पट्टकदंबाचंही सांगावं.

पक्षी मेला तर लगेच पुरू नका, कॅनॉलमध्ये किंवा उकिरड्यावर टाकू नका. घमेलं पालथं घालून वर दगड ठेवा आणि कळवा, नमुना घ्यायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील. पुरायला सांगितलं, तर विहिरीपासून लांब, चार फूट खोल खड्डा घेऊन वर चुन्याचा थर द्या.

जिवंत पक्षी ताब्यात असेल, तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे ४८ तासांच्या आत वनाधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याला कळवावं लागतं. वन विभागाच्या माणसाच्या हाती देताना शेताच्या कुठल्या गट नंबरात, किती वाजता, कशात अडकलेला सापडला, ते कागदावर लिहून द्या. पट्टकदंब कुटुंबानं राहतात, आणि बरा झाल्यावर त्याला त्याच पाण्यावर, त्याच थव्याजवळ सोडायचं असतं. फेब्रुवारी सरत आला की थवे परत निघू लागतात, तेव्हा त्या काळात सापडलेला पक्षी एक दिवसही घरी अडकवून ठेवू नका.