नेदरलँड्सच्या मुक्तीचं १० गिल्डरचं नाणं घेताना काय बघायचं

दुसऱ्या महायुद्धाशी जोडलेली नाणी जमवायची आहेत पण सुरुवात कुठून करू कळत नाहीये, तर माझं मत विचाराल तर नेदरलँड्सचं १९७० चं चांदीचं १० गिल्डर (युरोच्या आधीचं तिथलं चलन) घ्या. जर्मन फौजा १० मे १९४० ला देशात घुसल्या, सुटका झाली ५ मे १९४५ ला, आणि त्या सुटकेला २५ वर्षं झाली म्हणून हे नाणं काढलं. एका बाजूला तेव्हाची राणी युलियाना, दुसऱ्या बाजूला तिची आई विल्हेल्मिना, जी युद्धात लंडनला राहून रेडिओवरून आपल्या लोकांशी बोलायची. मायलेकी एकाच नाण्यावर, मला तर हे बघूनच भरून येतं.

पहिलं काम वजन. २५ ग्रॅम भरलं पाहिजे, व्यास ३८ मिलिमीटर, आणि चांदी ७२० टंचाची, म्हणजे हजारात ७२० भाग, तर शुद्ध चांदी १८ ग्रॅम. लोहचुंबकाला चिकटलं तर विषय तिथेच संपला. मग नाणं उभं धरून कड फिरवत बघा, 'देव आमच्यासोबत असो' अशा अर्थाची डच अक्षरं दिसतील. १९७३ चं १० गिल्डरही याच मापाचं आहे पण ते युलियानाच्या कारकिर्दीच्या २५ वर्षांचं, म्हणून १९४५-१९७० हे आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

'दुर्मिळ आहे' म्हणून कोणी भाव चढवला तर ऐकू नका, जवळपास ६० लाख पाडलीत. साध्या वापरलेल्या नाण्याला चांदीच्या भावाच्या आसपासच मोजा.

आणि हात जोडून सांगतो, घासू नका! सोडा नको, टूथपेस्ट तर नकोच. घासलेलं नाणं दिव्याखाली तिरकं धरलं की राणीच्या गालावर केसासारखे बारीक ओरखडे एकाच दिशेने गेलेले दिसतात आणि ते परत कधीच जात नाहीत. काळसर झाक आली तर येऊ द्या. कडेला धरायचं, पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवायचं नाही.

जमलं तर शेजारी देश जर्मनांच्या ताब्यात होता त्या काळातलं जस्ताचं २५ सेंटचं नाणं ठेवा, जहाजाचं चित्र असलेलं. चांदी गेली आणि लोकांच्या हातात हे करडं, हलकं जस्त आलं होतं. दोन्ही एकदम तळहातावर घेऊन बघा, मग कळतं १९७० ला चांदीचंच का काढावंसं वाटलं असेल. फक्त जस्ताला ओल लागू देऊ नका, पांढरी बुरशीसारखी पूड धरते.