जुनं परीकथांचं पुस्तक घेताना आधी चित्रं मोजा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये निघालेल्या भेट-आवृत्त्यांत, म्हणजे भेट द्यायच्या सजवलेल्या पुस्तकांत, रंगीत चित्रं वेगळ्या गुळगुळीत कागदावर छापून, जाड पानांवर बहुधा फक्त वरच्या कडेला चिकटवलेली असत. गोची इथेच होते: गोंद सुकला की चित्र गळतं, नाहीतर कुणीतरी फ्रेमसाठी काढून घेतं. म्हणून पैसे देण्याआधी चित्रसूची उघडा आणि एकेक चित्र ताडून पाहा. चित्रकार आर्थर रॅकहॅमच्या १९०९च्या ग्रिम परीकथांत ४० रंगीत चित्रं हवीत, डॅनिश चित्रकार काय नील्सनच्या (Kay Nielsen) १९१४च्या नॉर्वेजियन लोककथांत २५. ‘जवळपास पूर्ण’ म्हणजे अपूर्णच. किंमत त्याच हिशेबाने पाडून मागा.

मग शिवण, दुमडलेले कोपरे, चित्रांवरचे झिरझिरीत कागद बघा. तांबूस ठिपके पानाच्या कडेला असले तर चालतील, चित्रावर नकोत.

सुटलेल्या चित्राला सेलोटेप कधीच लावू नका, डाग कायमचा राहतो. गव्हाच्या स्टार्चची घट्टसर खळ वरच्या कडेला जेमतेम ३ मिमी लावा, वर-खाली बटर पेपर ठेवून रात्रभर वजनाखाली दाबा. पूर्ण पाठीला लावली तर पान सुरकुततं.

चर्मपत्राची बांधणी मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हमखास वाकते. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा.