सांगलीत बिऱ्हाड आणताय आणि सोबत नववी-दहावीतलं पोर आहे? या चुका टाळा

मे 2019 मध्ये आम्ही पुण्याहून सांगलीला आलो. नवऱ्याची बदली झाली होती आणि लेक नववीत जाणार होती. एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी घर पसंत केलं, दुपारी शाळा ठरवली आणि संध्याकाळच्या गाडीनं परतही गेलो. एवढं झटपट जमलं म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली होती. पुढच्या दोन वर्षांत त्या एका रविवारची किंमत कळली. खालच्या चुकांपैकी बऱ्याचशा आमच्याच आहेत. काही नंतर सांगलीत आलेल्या ओळखीच्यांच्या.

एप्रिलमध्ये घर बघणं

उन्हाळ्यात कृष्णा इतकी गरीब दिसते की ही बाई घरात घुसेल असं सांगूनही खरं वाटत नाही. घर स्टँडच्या अलीकडच्या एका गल्लीत, तळमजल्यावर, पुढं अंगण. भाडं बेताचं. पुराचं विचारलं तर एजंट म्हणाला, "वहिनी, 2005 ला सुद्धा पाणी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलं. आत आलं न्हाई."

तो खोटं बोलत नव्हता, आणि घोळ तिथंच झाला. 2005 चा पूर कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 54 फुटांच्या आसपास थांबला होता. सांगलीत पुराचं पाणी याच पुलावर मोजतात. पुढची चौदा वर्षं निम्मी सांगली तोच आकडा धरून बसली होती. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. वरचे तीन फूट आमच्या गल्लीत आले. घराचं जोतं वजा जाता आत अडीच फूट. लेकीच्या वह्या-पुस्तकांचं कपाट जमिनीलगत होतं. खालचे दोन कप्पे गेले. वह्या उन्हात वाळवल्या, पण पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती.

शेजारच्या आजींनी मात्र आदल्या दिवशीच तांदळाचं पिंप, गॅसची शेगडी आणि नातवाचं दप्तर माळ्यावर चढवलं होतं. "रेडिओवाला काय सांगतोय ते सोड, आयर्विनला किती फूट ते इचार," असं त्या मला म्हणाल्या होत्या. मी हसून घरात गेले होते.

तेव्हा घर बघताना "पूर येतो का?" असं विचारू नका, त्याला सगळे "नाही" म्हणतात. "आयर्विनला किती फुटांवर पाणी या गल्लीत येतं, आणि 2019 ला कुठपर्यंत आलं होतं?" असं विचारा. आयर्विनला 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर या वस्त्यांत पाणी शिरल्याचं त्याच्याही बरंच आधी कानावर येऊ लागतं. गावभाग, खणभाग, मारुती चौक, हरभट रोड इथं गल्लीगणिक उत्तर बदलतं, म्हणून पेठेचं नाव ऐकून निर्णय घेऊ नका. घरमालकापेक्षा कोपऱ्यावरचा किराणावाला जास्त खरं सांगतो, कारण त्याचा माल भिजलेला असतो. विकत घेणार असाल तर सरकारी नकाशावरची निळी आणि लाल पूररेषा (पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणारी) कुठून जाते ते बघितल्याशिवाय विसार देऊ नका, आणि प्लॉट गुंठेवारीचा, म्हणजे परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेला असेल तर तो नियमित झालेला आहे का तेही बघा.

विश्रामबाग, विजयनगर, वारणाली हा भाग उंचावर. तिकडं भाडं जास्त आहे ते उगाच नाही. शामरावनगरची गोष्ट निराळी. तिथं नदी लांब राहिली तरी सखल भाग आणि काळी माती, त्यामुळं साध्या पावसाचंच पाणी तुंबतं. पोराला रोज सायकल काढायची असेल तर जुलैत एकदा तिथून चालून बघा, चपला हातात घेऊन.

आणखी एक गोष्ट आमच्या डोक्यातच आली नव्हती. घर कोरडं राहिलं तरी शाळा पाण्यात असू शकते. शाळा उंचावर असली तर तिथं पूरग्रस्तांची सोय केलेली असते, म्हणजे वर्ग बंदच. शाळा बघायला जाल तेव्हा 2019 आणि 2021 च्या पुरात किती दिवस शाळा बंद होती ते शिपायाला विचारा. त्याला दिवस पाठ असतात, गाळ त्यानंच काढलेला असतो.

फ्लेक्सवरचे टक्के बघून शाळा घेणं

जूनमध्ये चौकाचौकात 95 टक्क्यांच्या पुढचे चेहरे लागतात. त्यावरून शाळेबद्दल फारसं कळत नाही. तुमच्या पोराला उपयोगी पडतील असे प्रश्न अगदी रुक्ष आहेत, आणि ते मी विचारले नव्हते.

पहिला भाषेचा. लेकीनं पुण्यात आठवीला संपूर्ण संस्कृत घेतलं होतं, 100 गुणांचं. इथल्या शाळेत संपूर्ण हिंदी नाहीतर हिंदी-संस्कृत संयुक्त, 50-50. प्रवेश झाला, फी भरली, गणवेश शिवला, आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात हे कळलं. ज्या विषयात तिला हमखास गुण पडायचे तो अर्धा झाला.

दुसरा सेमीचा. सेमी इंग्रजी म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकीचं मराठीत. इंग्रजी माध्यमातून आलेल्या पोराला गणित-विज्ञान सोपं जातं, पण इतिहासाच्या पुस्तकातला 'अलिप्ततावाद' वाचताना ते अडखळतं. उलट मराठी माध्यमातल्या पोराला नववीत एकदम सेमीत टाकलं तर बीजगणित येत असूनही त्याला प्रश्न काय विचारलाय ते समजत नाही. शाळेत सेमीच्या तुकड्या किती आणि नव्या मुलांना कुठल्या तुकडीत घेतात ते आधी विचारा. आमच्या शाळेत तुकड्या गुणांवर होत्या आणि बाहेरून आलेली मुलं सरळ शेवटच्या तुकडीत. ते सांगायची गरज कुणाला वाटली नाही आणि विचारायचं मला सुचलं नाही.

बोर्ड बदलणार असाल तर ते उशिरात उशिरा आठवीच्या शेवटी बदला. सीबीएसईत नववी-दहावी हा दोन वर्षांचा एकच अभ्यासक्रम धरतात, नववीत घेतलेले विषयच दहावीला चालवावे लागतात.

'नववीच तर आहे' असं म्हणणं

हे मी स्वतः लेकीला म्हणाले होते. पूर, नवी शाळा, मैत्रिणी नाहीत, तर जाऊ दे, नववी कोण बघतंय? नववीला कसेबसे गुण पडले. पुढं कोरोनामुळं 2021 ची दहावीची परीक्षाच रद्द झाली आणि निकालात 100 पैकी 50 गुण नववीच्या निकालावरून धरले गेले. असं पुन्हा होईल असं नाही. पण दहावीच्या बीजगणिताचा पाया नववीतच असतो, त्यामुळं जमत असेल तर बदली आठवीआधी घ्या किंवा दहावीनंतर.

कागद शेवटी बघणं

दाखला हातात घ्यायच्या आधी जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव, आईचं नाव, जन्मतारीख आणि जात नीट वाचून घ्या. आधारवर एक आणि रजिस्टरात दुसरं असेल तर तिथंच दुरुस्त करून घ्या. दाखला निघाल्यावर ते फार अवघड होऊन बसतं. ऑनलाइन नोंदही जुन्या शाळेनं सोडावी लागते, नुसता कागद आणून भागत नाही. आठवीपर्यंत दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे.

विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाई (सोनं-चांदी गाळायच्या) व्यवसायातली माणसं देशभर पांगलेली आहेत. पोरं मोठी झाली की त्यातली काही सांगलीला बिऱ्हाड करतात. तमिळनाडूतून परतलेल्या अशाच एका ओळखीच्या घरातला मुलगा तमिळ फाडफाड बोलायचा, मराठी फक्त ऐकून समजायची, वाचता यायची नाही. परराज्यातल्या दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते हे त्यांना इथं आल्यावर कळलं, आणि एका सहीसाठी वडिलांना परत जावं लागलं. पोराला एमबीबीएसला घालायचा विचार असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. राज्याच्या कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच झालेली लागतात. दहावी तिकडं आणि बारावी इकडं हा हिशेब तिथं अडतो.

अंतर नकाशावर मोजणं

सांगली लहान आहे, सगळं दहा मिनिटांवर, असं वाटतं. पण पोराचा दिवस शाळेपाशी संपत नाही. आमच्या लेकीची शाळा अकरा ते पाच, क्लास विश्रामबागला सहा ते आठ. म्हणजे पाचला शाळेतून घरी, पळत दोन घास, पुन्हा बाहेर आणि साडेआठला अंधारातून परत. महिनाभरानं तिनं मधलं घरी येणंच सोडलं आणि कॉलेज कॉर्नरला वडापाव खाऊन परस्पर क्लासला जायला लागली. हे मला तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळलं.

आधी शाळा आणि क्लास ठरवा, मग त्यांच्या मध्ये घर शोधा. वाटेत रेल्वेचा पूल किंवा फाटक येतं का बघा. चिंतामणीनगरचा पूल नव्यानं बांधायला पाडला तेव्हा माधवनगरकडून येणाऱ्या पोरांचा दहा मिनिटांचा रस्ता केवढा लांबला ते त्यांनाच विचारा. सांगली-मिरजेतली शहर बस एसटीच चालवते आणि विद्यार्थ्यांच्या पासाला चांगली सवलत आहे. रिक्षावाल्या काकांचा महिना ठरवण्याआधी त्याची चौकशी करा.

पोराला विचारायचं राहून जाणं

चौदा वर्षांच्या लेकीला आम्ही घर दाखवलं ते सामान उतरवताना. त्याचा राग तिनं वर्षभर धरला. पहिल्या आठवड्यात वर्गात सगळे तिच्या "करतेय-जातेय"ला हसले, कारण इथं मुलीसुद्धा म्हणतात "करालोय-जालोय". एप्रिलमध्येच तिला अर्धा दिवस त्या वर्गाबाहेर उभं केलं असतं, एखाद्या मुलीशी ओळख झाली असती, तर पहिला आठवडा जरा बरा गेला असता. दिवाळीनंतर एका सकाळी दप्तर उचलत ती म्हणाली, "आई, जातो मी." पुण्याच्या आजीनं फोनवर ते ऐकलं आणि मला झापलं. मी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा जरा निवांत चहा प्यायले.

आधीच चुकलं असेल तर

घर चुकलं असेल तर जूनच्या आत बदला, नाहीतर मूळ कागद, वह्या आणि इन्व्हर्टर वरच्या मजल्यावर कुणाकडं जाणार ते आजच ठरवून ठेवा. आयर्विनचे फूट रोज बघायची सवय लावून घ्या. तुकडी चुकली असेल तर पहिल्या घटक चाचणीची उत्तरपत्रिका घेऊन मुख्याध्यापकांना भेटा. नुसत्या विनंतीनं काही झालं नाही, पेपर पुढं ठेवल्यावर आमचं काम झालं होतं. शाळाच बदलायची असेल तर नववी संपल्यावर एप्रिलमध्येच हालचाल करा, कारण दहावीचे बोर्डाचे फॉर्म भरायला लागले की कुठलीच शाळा हात लावत नाही. आणि बोर्डाची प्रीलिस्ट, म्हणजे परीक्षार्थींच्या तपशिलांची तपासायची यादी, शाळेत सहीला येते तेव्हा पोराच्या भरवशावर राहू नका, नावाचं स्पेलिंग वाचायला स्वतः जा.